पातळ बर्फ

मंगळवारी सकाळी माझी गाडी गॅरेजमध्ये होती, म्हणून मी नवऱ्याच्या गाडीची किल्ली घेतली. तळघरातल्या पार्किंगमध्ये किल्ली फिरवली आणि आतून असा काही आवाज फुटला की माझा हात आपोआप दाराच्या कडीवर गेला. गाडीला काहीतरी झालंय, आता पेट घेणार, असंच वाटलं. दोन-तीन सेकंदांनी कळलं की हे संगीत आहे. म्हणजे ढोल, गिटारी, आणि त्यांच्यावर कुणी पुरुष घसा सोलून ओरडतोय. बटणं चाचपडत मी ते बंद केलं. समोरच्या खांबाजवळ वॉचमन उभा होता, तो हसला. बंद करण्याआधी पडद्यावरचा आकडा मात्र मी वाचला होता. आवाज अडतीस, चाळीसपैकी. काचा बंद असलेल्या गाडीत हे शंभर डेसिबलच्या आसपास जाणार, असं गणित डोक्यात लगेच झालंसुद्धा, कारण तोच माझा धंदा आहे. मी लोकांचे कान तपासते. तेवीस वर्षं तपासते आहे. आणि तेवीस वर्षांचा तो अनुभव गाठीशी असताना, त्या आकड्याकडे बघून माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की ह्याच्या आयुष्यात कुणीतरी बाई आली आहे.

माझा नवरा छापखान्यात मशीनमन आहे. तोंडावर मी त्याला अहो म्हणते, मनातल्या मनात तो म्हणते. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली की एवढी सवलत आपली आपण घ्यावी. तो गाणी ऐकणाऱ्यातला नाही. लग्नानंतर माझी बहीण आम्हा दोघांना आग्रहाने एका मैफलीला घेऊन गेली होती, तर हा मध्यंतरात बाहेर जाऊन कार्यक्रमपत्रिकेचा कागद दोन बोटांत चोळत उभा. 'चांगला कागद वापरलाय,' एवढीच त्याची दाद. असा माणूस चोपन्नाव्या वर्षी एकटा गाडीत बसून असलं काहीतरी ऐकतो, तेही इतक्या मोठ्याने, तर ते त्याला कुणीतरी दिलेलं असणार. कुणीतरी म्हणजे त्याच्याहून तरुण, आणि त्याला पुन्हा तरुण करू बघणारी. मी गाडी रस्त्यावर काढली, पण पहिल्या सिग्नलपर्यंत माझ्याकडे पुरावे गोळा झाले होते. गेली दोन-एक वर्षं तो माझा फोन उचलत नाही, मेसेज कर म्हणतो. म्हणजे फोनवर बोलता येणार नाही अशा ठिकाणी तो असतो. माझ्या बहिणीकडे यायचं म्हटलं की त्याला काम निघतं. शनिवारी दुपारी गाडी धुवायला म्हणून खाली जातो, दीड तासाने येतो, आणि गाडीवर धूळ तशीच. शिवाय तो हसायला लागलाय. मी काहीही सांगितलं की आधी हसतो, मग मान हलवतो. मागच्या महिन्यात मी माझ्या मामीच्या ऑपरेशनबद्दल सांगत होते तेव्हाही तो गोड हसला होता. तेव्हा मला राग आला होता. आता त्या हसण्याचा अर्थ लागला असं वाटलं, आणि मागच्या गाडीने हॉर्न मारला.

माझ्या धंद्यात संशय हा गुण समजला जातो. कारखान्यातल्या आवाजाने कान गेले म्हणून भरपाई मागणारी माणसं माझ्याकडे पाठवतात. मी त्यांना काचेच्या केबिनमध्ये बसवते, कानांवर हेडफोन चढवते, आणि सांगते, आवाज आला की बोट वर करा, कितीही बारीक आला तरी करा. मग मी बाहेर बसून आवाज लहान-लहान करत नेते. ज्याचे कान खरोखर गेले आहेत तो माणूस चाचपडतो, चुकतो, नसलेल्या आवाजालाही बोट वर करतो, कारण त्याला ऐकायचं असतं. खोटारडा शांत बसतो. दोनदा तपासणी घेतली की त्याचे आकडे जुळत नाहीत, आणि आवाज कानात गेला की त्याच्या पापणीत काहीतरी हलतं. एवढ्यानेही नाही जमलं तर एक जुनी युक्ती आहे. तो जायला निघाला की त्याच्या पाठीमागून, अगदी साध्या आवाजात, 'पाकीट पडलं वाटतं तुमचं,' असं म्हणायचं. दहातले सात वळतात. बाकीचे तीन, असं मला माझ्या वरिष्ठ बाईंनी शिकवलं होतं, एकतर खरे असतात नाहीतर मुरलेले. मुरलेले जास्त, असं मी माझ्या अनुभवाने त्यात घातलं. घरी येऊन मी या गोष्टी रंगवून सांगायचे. कोण कसा वळला, कुणी खिशाला हात लावला, कुणाचा चेहरा पडला. मुलगी लहान असताना पोट धरून हसायची. नवराही हसायचा, निदान पूर्वी.

त्या संध्याकाळी तो स्वयंपाकघरात ओट्याशी उभा राहून कप पुसत होता. पाठ माझ्याकडे. नळ बंद, पंखा बंद, शेजारी शांत. मी दारात उभी राहिले आणि साध्या आवाजात म्हटलं, "कोण आहे ती?" त्याने कप उजेडात धरून बघितला, कड पुसली, खाली ठेवला, दुसरा घेतला. खांदा हलला नाही, हात थांबला नाही. मी तेवीस वर्षं माणसांच्या पाठी बघते आहे. इतकी स्थिर पाठ मी पाहिलेली नव्हती. निदान दचकायचं तरी! दचकला असता तर मी भांडले असते, रडले असते, आणि कदाचित रात्रीपर्यंत आम्ही जेवलोही असतो. पण इतकं सरावलेला माणूस हा काही आज-कालचा नव्हे. मी फिरून त्याच्यासमोर गेले तेव्हा त्याने मला पाहिलं आणि तेच ते गोड हसला. "चहा ठेवू?" म्हणाला. मी हो म्हटलं. त्याने चहा छान केला होता, आणि मी तो पिताना त्याच्या हातांकडे बघत होते, नखांत शाईच्या बारीक रेघा असलेल्या त्या हातांकडे, आणि ते हात आणखी कोण बघत असेल याचा विचार करत होते.

बुधवारी मी पुन्हा त्याचीच गाडी मागितली. तो प्रेसला चालत जातो, त्यामुळे हरकत नव्हती, आणि हरकत घेतली नाही हेही मला खटकलं. पार्किंगमध्ये आधी खण उघडला. गाडीच्या कागदपत्रांखाली सीडीची रिकामी डबी होती. कव्हरवर पांढरं मैदान, वर काळं आकाश, आणि मधोमध तीन बारीक आकृत्या, एकामागून एक चालणाऱ्या. नाव मला वाचता येईना, अर्ध्या अक्षरांच्या डोक्यावर टिंबं होती. डबीच्या कोपऱ्याला तडा गेलेला, म्हणजे वस्तू नवीन नाही, प्रकरणही नवीन नाही. आतली पुस्तिका बाहेर काढली तर तिच्यामागून घडी घातलेला कागद निघाला. प्रेसमधल्या रद्दी कागदाचा तुकडा, पेन्सिलने रकाने आखलेले. अक्षर त्याचंच. डावीकडे आकडे: 'पहिलं, ३:१२', 'दुसरं, १:४८', 'दुसरं, ५:३०', अशा अकरा ओळी. पुढे तीन रकाने, प्रत्येकावर एक तारीख, एकेका वर्षाच्या अंतराने. आणि रकान्यांत फक्त दोनच शब्द, आहे आणि नाही. एका ठिकाणी प्रश्नचिन्ह. मी तो कागद स्टिअरिंगवर ठेवून पाच मिनिटं बसले. तीन वाजून बारा मिनिटांनी आहे. पाच तीसला नाही. कुणाच्या घरी कुणी असण्या-नसण्याचा याहून स्वच्छ तक्ता मी तरी पाहिला नव्हता. 'पहिलं', 'दुसरं' म्हणजे आठवड्याचे वार असावेत, असंही मी जुळवून टाकलं. मिनिटांपर्यंत नेमक्या भेटी कोण ठरवतं, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण मशीनमन माणूस, अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे खपवून घेत नाही, तो करतही असेल, असं मीच त्याच्या वतीने उत्तर दिलं. पहिल्या रकान्यात आहे भरपूर होते. तिसऱ्यात नाहीच नाही. म्हणजे ती आता त्याला भेटेनाशी झाली होती. खरं सांगते, त्या क्षणी मला त्याची थोडी कीवसुद्धा आली, आणि आपल्याला कीव आली याचा संताप आला.

मी डबी आणि कागद पर्समध्ये टाकले, गाडीत अडकलेली तबकडी बटण दाबून बाहेर काढली, तीही टाकली. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत प्रेसला गेले. आमच्या तपासणीचे छापील फॉर्म संपत आले होते, हे खोटं नव्हतं. तो आत मशीनवर होता, मशीन चालू होतं, आणि त्या धडधडीत तिथली माणसं एकमेकांना हातवारे करून बोलत होती. कानांवर कुणाच्याच काही नव्हतं. ते मी पाहिलं, नाही असं नाही. पण मी त्या कामासाठी आले नव्हते. बाहेरच्या बाजूला बाइंडिंगचं टेबल होतं आणि तिथे एक बाई कागदांच्या गठ्ठ्याला डिंक लावत बसली होती. चाळिशीची, बोटांना डिंकाचे पापुद्रे, गळ्यात चष्मा. दिसायला बरी होती, आणि तक्त्यातली ती तीन वर्षं मी मनातल्या मनात लगेच तिच्या नावावर टाकली. मी कोण ते सांगितल्यावर तिने पटकन खुर्ची पुसली.

"बसा ना ताई. तुमचे मिस्टर म्हणजे काय सांगू तुम्हाला. बाकीचे सगळे तिकडूनच हाका मारतात, आमच्या कानांचं भरीत करतात. हे आपले इथवर चालत येतात. आणि मी बोलायला लागले ना, की नुसते माझ्या तोंडाकडे बघत राहतात. शेवटच्या शब्दापर्यंत! आपलं बोलणं कुणी इतकं लक्ष देऊन ऐकतं का हो आजकाल?"

"नाही ऐकत," मी म्हटलं.

"माझ्या नवऱ्याला मी तेच सांगते. म्हटलं, शिका जरा त्यांच्याकडून."

ती हे इतक्या मोकळेपणाने बोलली की मी गोंधळले. कुठली बाई हे बायकोला सांगेल? मग मला आठवलं की मोकळेपणा हीच मुरलेल्या माणसाची खूण असते, आणि फॉर्मचा नमुना तिथेच टेबलावर विसरून मी बाहेर पडले. रस्त्याने चालताना एकच गोष्ट डोक्यात घुमत होती. तोंडाकडे बघत राहतात. माझ्याही तोंडाकडे तो बघतो. गेली दोन-तीन वर्षं मी बोलत असताना तो माझ्या ओठांवरून नजर हलवत नाही, आणि मी मूर्ख, या वयात आपल्यात काहीतरी उरलंय म्हणून मनातून सुखावत होते. म्हणजे हा सगळ्यांनाच असा बघतो. तो अपमान मला बाईच्या संशयापेक्षा जास्त लागला. घरी मुलगी असती तर तिच्याजवळ बोलले असते. पण ती चार वर्षांपूर्वी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली, आणि तिचं नि बाबांचं आधीपासूनच गूळपीठ. माझ्याशी ती रविवारी बोलते, नीट, सगळ्या बातम्या देऊन. बाबांना मात्र दिवसभर मेसेज करते.

शुक्रवारी दुपारी तपासणीला यायचा एक माणूस आला नाही आणि माझी केबिन तासभर रिकामी होती. पुरावा म्हणून तपासायचं तर मूळ वस्तूही तपासायला हवी. मी तबकडी यंत्रात घातली, पेशंटच्या खुर्चीत स्वतः बसले, दार ओढून घेतलं. त्या केबिनमध्ये दार लागलं की जग तुटतं. स्वतःच्या गळ्यात आवंढा उतरलेला ऐकू येतो. तेवीस वर्षांत मी त्या खुर्चीत कधी बसले नव्हते. हेडफोन चढवले, आवाज माझ्या कानांना झेपेल इतका ठेवला, आणि ओरडणाऱ्या माणसाची वाट बघू लागले. पण सुरुवातीला नुसता वारा होता. मग पावलं. मग काठी आपटल्याचा आवाज, ठक, थोडं थांबून पुन्हा ठक, खोल आणि भरीव. आणि मग एकदम दोन गिटारी सुरू झाल्या. त्या सकाळी गाडीत मला एकच कल्लोळ ऐकू आला होता. इथे दोन वाटा वेगळ्या दिसल्या, एक जरा वरून, एक जरा खालून, पण पावलाला पाऊल लावून जाणाऱ्या. आणि त्यांच्यात सूर होता, चक्क गुणगुणता येईल असा, मोठा, उघडा सूर. खालून ढोल इतके भरभर चालले होते की त्यांचा वेग न वाटता जमीनच थरथरतेय असं वाटत होतं. मग तो माणूस ओरडायला लागला. मी खांदे आवळले. पुस्तिका उघडी होती, मूळ शब्दांशेजारी बारीक इंग्रजीत अर्थ होता, आणि तो वाचताना मला कळलं की तो कुणावर चिडलेला नाही. तो वाऱ्यात बोलतोय. बेटावरचं धान्य संपलंय, समुद्र गोठलाय, एक बाप बायकोला आणि मुलीला घेऊन पलीकडच्या किनाऱ्याकडे चालत निघालाय. तो पुढे आहे, हातात लोखंडी टोकाची काठी. प्रत्येक पावलाआधी तो बर्फावर काठी आपटतो आणि ऐकतो. जाड बर्फ खर्जात बोलतो, पातळ बर्फ गातो, असं तिथे लिहिलं होतं. त्या ओळीपाशी ओरडणं थांबलं आणि एक स्वच्छ, तरुण आवाज उंच चढला. ती मुलगी. बापाच्या त्या खरबरीत आवाजानंतर तो इतका अनपेक्षित आला की मी वाचायची थांबले. मला रडू येत होतं, आणि कुणी बघत नव्हतं, तरी मी केबिनच्या काचेतून बाहेर बघून घेतलं.

तेवढ्यात तो आवाज आला. सगळ्या गदारोळाच्या वर, सुईच्या टोकाएवढा. काचेवर काचेचा थेंब पडावा तसा. पातळ बर्फ. माझं बोट वर गेलं होतं. मी स्वतः वर केलं नव्हतं, त्या खुर्चीत बसलं की ते होतं. मी माझ्या बोटाकडे बघितलं आणि मग यंत्राच्या पडद्याकडे. पहिलं गाणं. तीन मिनिटं बारा सेकंद.

कागद मी पर्समधून कसा काढला ते आठवत नाही. दुसऱ्या गाण्यात एक अठ्ठेचाळीसला तोच आवाज आला. पाच तीसला आला, थोडा अधिक बारीक. मी गाणी पुढे ढकलली नाहीत. सगळी ऐकली, सहाच्या सहा, कारण मला भीती वाटत होती आणि ते संपेपर्यंत मला काही करावं लागणार नव्हतं. चौथ्या गाण्यात सगळं थांबून एकटी साधी गिटार वाजते, आई मुलीचे पाय आपल्या पोटाशी धरून गरम करते, आणि मागे अख्खा समुद्र बर्फाखाली कण्हतो. पाचव्यात वादळ येतं आणि दोन्ही गिटारी एकमेकींना शोधत वेगवेगळ्या धावतात. शेवटचं गाणं पंधरा मिनिटांचं. त्यात पहिल्या गाण्याचा तो मोठा सूर परत येतो, पण इतका हळू की दमलेल्या पायांनी चालत आल्यासारखा. ते पोचले की नाही ते सांगितलेलं नाही. पुस्तिकेचं शेवटचं पान कोरं आहे. सगळी वाद्यं थांबतात आणि चौदा मिनिटं सहा सेकंदांनी एकदाच, अगदी एकटा, तो आवाज येतो. अकरा ओळी, अकरा आवाज. आमच्या तपासणीत सगळ्यात वरच्या टोकाला असतात ना, सहा हजार, आठ हजार हर्ट्झचे उंच सूर, त्या पट्टीतले सगळे. छापखान्यात, कापडगिरणीत, बॉयलरपाशी आयुष्य गेलेल्या माणसाचं जे आधी जातं ते.

मी तीन रकाने बघितले. पहिल्या वर्षी नऊ आहे, दोन नाही. दुसऱ्या वर्षी पाच आहे. या वर्षी दहा नाही आणि सगळ्यात खाली, चौदा सहासमोर, प्रश्नचिन्ह. असले कागद मी रोज भरते. आखलेले छापील फॉर्म असतात माझ्याकडे, आणि ते छापणाऱ्या माणसाने स्वतःसाठी रद्दीवर एक बनवला होता. फोन न उचलणं, बहिणीकडच्या गर्दीत न येणं, टीव्हीवर खाली अक्षरं लावून बसणं, न कळलेल्या वाक्याला आधी हसून घेणं. चाळीसपैकी अडतीस! पहिल्या वर्षाला शिकणारी पोरगीसुद्धा सांगेल. मला कसं दिसलं नाही याचं उत्तरही माझ्याकडेच होतं. मी घरी पेशंटशी बोलते तशी बोलते. आधी बाहीला हात लावते, समोर येते, उजेडाकडे तोंड करते, ओठ नीट हलवते. मुलगी चिडवायची, आई, मी बहिरी नाही गं. त्या सवयीवर त्याने तीन वर्षं काढली. त्याला माझं एकही वाक्य चुकलं नसेल, मी समोर असेपर्यंत. आणि मी त्याच्या पाठीमागे उभी राहून विचारलं होतं, कोण आहे ती. ऐकू येत असून नसल्याचं सोंग करणारी माणसं मी शेकड्यांनी पकडली. उलटं सोंग कुणी करेल हे मला कधी सुचलंच नाही. माझ्या केबिनमध्ये त्यासाठी कुणी येत नाही.

संध्याकाळी रस्त्यातूनच मुलीला फोन केला. रविवार नव्हता, त्यामुळे ती घाबरली. मी विचारलं, उत्तरेकडच्या कुठल्यातरी देशातली एक सीडी आहे, बर्फातून तिघं चालतात. तिने लगेच ओळखली.

"ती स्कँडिनेव्हियन मेटल बँडची? बाबांनी ठेवलीय अजून?"

"तुझी आहे का?"

"मी पंधरा वर्षांची असताना घेतली होती. तू घरात लावू द्यायची नाहीस ना, कानांची वाट लागेल म्हणून. मग बाबा मला क्लासला सोडायचे तेव्हा गाडीत ऐकायचो. आमचा खेळ होता. पातळ बर्फ वाजला की बोट वर करायचं, तुझ्या पेशंटसारखं. जो आधी करेल तो जिंकला. बाबा नेहमी जिंकायचे, आई. त्यांचे कान म्हणजे..." ती थांबली. "तुला सांगायचं नाही असं ठरलं होतं. रागावलीस?"

"नाही," मी म्हटलं. "त्यांनी तुला काही सांगितलंय? हल्ली?"

"कशाबद्दल?" ती म्हणाली, आणि तिचा आवाज खरा होता. एवढं मला नक्की ओळखता येतं. म्हणजे तिलाही माहीत नव्हतं. तो एकटाच दर वर्षी गाडीत बसत होता, एकेक बर्फ तपासत.

रात्री डबी मी खणात जशी होती तशी ठेवली. कागदासकट, तबकडी जागेवर. शनिवारी दुपारी तो बादली घेऊन खाली गेला. मी दहा मिनिटं थांबले आणि जिन्याने उतरले. तळघरात पोचायच्या आधीच मला जमिनीतून ढोल जाणवले. गाडीच्या काचा बंद, बादली कोरडी, आणि तो स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून डोळे मिटून बसलेला. त्याचे तळवे चाकावर सपाट दाबलेले होते. तो हातांनी ऐकत होता. मी दुसऱ्या बाजूचं दार उघडून आत बसले तेव्हा तो इतका दचकला की हॉर्न वाजला. आवाज बंद करायला त्याचा हात धावला.

"असू द्या," मी म्हटलं. पण मी समोर बघत म्हटलं होतं. म्हणून मी आवाज थांबवला, सीटवर पूर्ण वळले, त्याच्या बाहीला हात लावला आणि पुन्हा म्हटलं, "असू द्या. ऐकलंय मी. शुक्रवारी, केबिनमध्ये. सगळं."

"डोकं दुखलं असेल तुझं."

"चौथं गाणं फार सुंदर आहे."

तो हसला नाही. खूप दिवसांनी तो माझ्या बोलण्यावर हसला नाही. मी खण उघडला, घडी उलगडून कागद आमच्या दोघांच्या मध्ये धरला. तो काचेतून समोरच्या खांबाकडे बघत राहिला.

"मला का नाही सांगितलंत?"

त्याच्या बाहीला हात लावून, तो वळल्यावर मी विचारलं होतं. ऐकू आलं नाही की काय म्हणून मी पुन्हा विचारणार होते, तेवढ्यात तो बोलला. "तू मला खुर्चीत बसवलं असतंस."

"मग? तेच तर काम आहे माझं!"

"म्हणूनच. तू काचेच्या पलीकडून माझ्याकडे बघितलं असतंस. मी खरं बोलतोय की खोटं, ते. आत्तापर्यंत कधी बघितलं नाहीस तसं." त्याने कागदाची कड अंगठ्याने सरळ केली. "ते मला नको होतं."

मंगळवारपासून मी त्याच्याकडे दुसरं काय करत होते? ते मी त्याला सांगितलं. बाई, बाइंडिंगचं टेबल, वार, भेटीच्या वेळा, सगळं, समोर तोंड करून, एकही शब्द न गिळता. स्वयंपाकघरात त्याच्या पाठीमागे काय विचारलं तेही सांगितलं. तो माझ्या ओठांकडे बघत होता. बाइंडिंगवाल्या बाईंपाशी आले तेव्हा त्याचा एक गाल हलला.

"त्या फार भरभर बोलतात," तो म्हणाला. "निम्मं कळत नाही. पण माणूस चांगलं आहे."

मला लाज वाटत होती, आणि भीती तर होतीच. मशीन सोडावं लागेल, यंत्र लावावं लागेल, आणि गेलेलं ते गेलेलंच राहील, हे मला ठाऊक होतं आणि बहुधा त्यालाही. त्यातलं काहीच मी त्या दुपारी बोलले नाही. शेवटचं गाणं लावलं. आवाज अडतीसवरच राहू दिला, माझ्या कानांना जे व्हायचं ते होवो. पंधरा मिनिटं आम्ही शेजारी-शेजारी बसलो. तो मोठा सूर हळूहळू परत आला, दोन वाटा, एक जरा वरून, एक जरा खालून. मी तळवे डॅशबोर्डवर दाबून ठेवले होते. चौदा मिनिटं होत आली तसं एकेक वाद्य गळत गेलं, आधी ढोल, मग आवाज, मग खालची गिटार, मग वरची. तळघर एकदम फार मोठं वाटलं. पडद्यावर सेकंद पळत होते, पण तो पडद्याकडे बघत नव्हता. आणि तो आवाज आला, लख्ख, एकटा. मी बोट वर केलं.

त्याचंही बोट वर आलं. अर्ध्या श्वासाने उशिरा. समोरची काच काळी होती आणि तिच्यात माझं बोट स्पष्ट दिसत होतं, मला दिसत होतं तसं त्यालाही. अर्धा श्वास म्हणजे काय ते मला तेवीस वर्षं माहीत आहे. मी माझं बोट खाली घेतलं. तबकडी आपोआप थांबली.

त्याने हात खाली घेतला. खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढला, कागद स्टिअरिंगवर पसरला, तिसऱ्या रकान्यात सगळ्यात खालचं प्रश्नचिन्ह खोडलं आणि माझ्यादेखत तिथे 'नाही' लिहिलं. मग पेन्सिल माझ्या हातात दिली.